गभाले बाईंचा शेरा

तपासलेल्या पेपरावर शिक्षकाने दोन ओळींचा शेरा लिहिला, तर त्या शेऱ्यामुळे विद्यार्थ्याला पुढच्या वेळी अधिक चांगले येते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आमच्या शाळेत एक प्रयोग झाला होता. प्रश्न माझा नव्हता आणि प्रयोगही माझा नव्हता. दोन्ही आमच्या विज्ञानशिक्षिका यमुना गभाले यांचे. मी गणित शिकवीत असे आणि या प्रयोगात माझ्याकडे केवळ तपासनिसाचे काम होते. उत्तर काय आले ते मी यथाक्रम सांगेनच. परंतु ते कसे आले हे कळण्यासाठी आधी बाई माहीत असाव्या लागतात.

आमची शाळा घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याला, शिनोलीच्या थोडी पुढे. निम्मी मुले खालच्या बागायती गावांतली आणि निम्मी वरच्या डोंगरातली, भाताच्या खाचरांच्या गावांतली. वरची मुले जीपने येत. बाई मूळच्या त्याच वरच्या अंगाच्या. मी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याचा, म्हणजे पाटाच्या पाण्यावर वाढलेला. त्यावरून बाई मला अधूनमधून एक चिमटा घेत. "कुऱ्हाडे सर, धरण आमच्याकडे आणि पाणी तुमच्याकडे. याला काय म्हणायचं, ते तुमच्या गणितात बसतं का बघा."

बाई बुटक्या, सावळ्या, चालायला झपझप. पदर कमरेला खोचलेला. बोलणे हळू, आणि वाक्य पुरे झाल्यावर तोंड मिटून समोरच्याकडे पाहत राहण्याची सवय. त्या सवयीने समोरचा माणूस आपलेच वाक्य पुन्हा तपासू लागे. शिक्षकांच्या खोलीत कोणी काही ठामपणे म्हणाले की बाई एकच शब्द उच्चारीत, "कशावरून?" त्यात टोमणा नसे, जाणून घ्यायची इच्छा असे, पण ज्याला विचारले त्याला तो टोमणाच वाटे. मुलांनी त्यांचे नावच 'कशावरून बाई' असे ठेवले होते. त्यांना ते ठाऊक होते, आणि मला वाटते, आवडतही होते.

एक उदाहरण देतो. आमचे मुख्याध्यापक थोरात सर यांचे असे मत होते की मधल्या सुट्टीतल्या खिचडीमुळे मुले दुपारच्या तासांना पेंगतात. सर अवसरी खुर्दचे, चांगल्या शेतकरी घरातले, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "खिचडीत डाळ लई घालत्यात. डाळ जड. पोरगं डुलायला लागतं." स्वयंपाक करणाऱ्या मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. बाईंनी विचारले, "कशावरून?" सर म्हणाले, "डोळ्यांनी दिसतंय की." बाई म्हणाल्या, "पेंगतात ते दिसतं. डाळीने पेंगतात ते दिसत नाही." त्यांनी सरांच्या परवानगीने दोन वर्गांच्या खोल्यांची अदलाबदल केली. जो वर्ग पश्चिमेच्या खोलीत होता तो पूर्वेला गेला, पूर्वेचा पश्चिमेला आला. खिचडी तीच, डाळ तेवढीच. आता पेंगू लागला तो दुसरा वर्ग. दोष दुपारच्या उन्हाचा होता. सरांनी पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे लावले आणि मावशींना म्हणाले, "डाळ घाला तुमी, बिनधास्त." मावशी त्यानंतर बाईंच्या ताटात न मागता वाढत.

अशा बाईंची एकच गोष्ट कोणी कधी तपासली नव्हती, आणि ती म्हणजे त्यांचे शेरे.

घटक चाचणी झाली की आम्ही इतर शिक्षक गुण देऊन पेपर वाटून मोकळे होत असू. बाई मात्र प्रत्येक उत्तराखाली काहीतरी लिहीत. लाल शाई त्या वापरीत नसत, म्हणत, "लाल रंग लांबून दिसतो. शेरा जवळून वाचायचा असतो." कोणाला चार ओळी, कोणाला दोन. त्यामुळे त्यांचे पेपर नेहमीच सर्वांत शेवटी परत जात. एका वर्षी पावसाळ्यातल्या चाचणीनंतर थोरात सर शिक्षकांच्या खोलीत आले. त्यांनी मंचरहून रबरी शिक्के करून आणले होते: 'छान', 'उत्तम', 'सुधारणा हवी'. ते त्यांनी टेबलावर ओळीने मांडले.

"बाई," सर म्हणाले, "समद्यांचे पेपर कवाच गेले. तुमचेच ऱ्हायले."

"शेरे लिहिते आहे, सर."

"ते ठाऊक हाय मला. पन वाचतं कोन? पोरगं आपलं मार्क बघतं, शेजारच्याचं मार्क बघतं, आन् पेपर दप्तरात कोंबतं. तुमचा शेरा म्हंजे लग्नपत्रिकेवरचा श्लोक. छापल्याबिगर कुनी ऱ्हात न्हाई, आन् वाचत कुनीच न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी 'कशावरून' विचारावे म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी विचारले नाही. हातातले पेनाचे टोपण लावले आणि पेपर गोळा करून त्या प्रयोगशाळेत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या वर्गाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर म्हणाले ते खरं असू शकतं."

मी समजूत घालू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले. "समजूत नको, सर. मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले. हे एक मात्र स्वतःला कधी विचारलं नाही. शेऱ्याने पोरं सुधारतात असं मला वाटतं. पण मी बघितलेलं नाही. नोकरीत लागल्यापासून रोजची संध्याकाळ मी यात घातली. ती वाया गेली असेल तर मला कळायला नको का? उरलेली वर्षं तरी नीट जातील."

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण त्या उभ्या होत्या तिथून हलेनात. तेव्हा मला समजले की हा शिक्क्यांचा वाद नाही. आपल्या सगळ्या नोकरीचा निम्मा भाग कामाचा होता की नव्हता, एवढे मोठे प्रकरण त्या स्वतःच तपासायला निघाल्या होत्या, आणि उत्तर नको ते येण्याची पूर्ण शक्यता ठेवून.

थोरात सरांशी त्यांचे ठरले, ते असे. शेऱ्यांनी फरक पडतो असे दिसले तर शेरे चालू राहतील, सर उशिराबद्दल बोलणार नाहीत. फरक दिसला नाही तर सहामाहीपासून बाई शिक्के मारतील.

प्रयोगासाठी आठवीचा वर्ग निवडला. वर्गाचे दोन गट करायचे: एका गटाला गुण आणि शेरा, दुसऱ्याला नुसते गुण. मग त्याच धड्यांवर दुसरी चाचणी घ्यायची आणि कोणता गट पुढे गेला ते पाहायचे. थोरात सरांना यात रस वाटू लागला होता. ते म्हणाले, "हुशार पोरांना शेरे द्या. त्यांना निदान कळतील."

"मग ती पोरं पुढे गेली तर ती शेऱ्याने गेली की हुशारीने?"

"बरं, मंग कच्च्यांना द्या. गरज त्यांना हाय."

"आणि ती मागे राहिली तर?"

"म्हंजे आपन निवडायचंच न्हाई?"

"आपण निवडलं की आपला हात आपल्याला हवं तिकडे जातो," बाई म्हणाल्या. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी हे वाक्य थांबून पाहावे. प्रयोगाच्या आखणीतले निम्मे शहाणपण त्यात आहे. शेवटी सर्व मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या डाळीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि त्या थोरात सरांनीच डोळे मिटून काढल्या.

शेरे पेपरावर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून आत घडी घालून ठेवायचे, म्हणजे ते इतरांच्या डोळ्यांवर येणार नाहीत, असेही ठरले. दुसरी चाचणी मी तपासायची, कारण आठवीला मी शिकवीत नव्हतो. विज्ञानाची नमुना उत्तरे बाईंनी मला दिली होती. नावे कागदाच्या पट्टीने झाकलेली असायची, म्हणजे कोणाला शेरा मिळाला आणि कोणाला नाही, हे मला कळणार नाही. मुलांना मात्र काहीच सांगायचे नाही. कळले तर ती मुद्दाम वेगळी वागतील, असा विचार होता. हे शेवटचे कलम बाईंना खटकत होते. पण ते त्यांनीच घातले होते.

मी पेपर तपासले, पट्ट्या काढल्या, दोन्ही गटांची बेरीज केली. दोन्ही गट सुधारले होते, आणि अगदी सारखेच सुधारले होते. शेऱ्याने कसलाच फरक पडलेला नव्हता.

मी प्रयोगशाळेत जाऊन सांगितले. बाईंनी एवढेच विचारले, "नावं झाकलेली होती ना?"

"होती."

त्या उठल्या, थोरात सरांच्या खोलीत गेल्या आणि टेबलावरचे शिक्के उचलले. सर गडबडले. "ऱ्हाऊ द्या बाई. मी आपलं उगीच बोलून गेलो."

"उगीच नाही, सर. तुम्ही बोललात, मी बघितलं. उत्तर आवडलं नाही म्हणून परत पाठवता येत नाही."

नववीचे पेपर त्यांनी शिक्के मारून परत दिले. शिक्षकांच्या खोलीत बसून त्या एकेक शिक्का उमटवीत. शाईच्या पेटीवर टप, कागदावर टप. त्या आवाजात बसवत नसे. थोरात सर तर त्या काळात खोलीत येण्याचेच टाळीत. खेदाने सांगतो, हरलेल्या माणसापेक्षा जिंकलेला माणूस अधिक अवघडून जातो, हे मी तेव्हा पाहिले.

अशातच एका दुपारी आठवीतल्या अश्विनीची आई शाळेत आली. अश्विनी वरच्या गावातली, चिठ्ठीत बिनशेऱ्याच्या गटात गेलेली. आई शेताच्या कामातून तशीच आली असावी. पावलांना चिखल होता. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून ती आत आली. मी तिथेच होतो.

"बाई, आमच्या अश्विनीचं काई चुकलं का?"

"नाही ताई. का हो?"

"मंग तिला कागूद का न्हाई? तिची चुलतबहीन संगी, तिला कागूद. हिला नुसतं मार्कं. म्हनती, बाईंनी मला सोडून दिलं. आता मी त्यांच्या हिशेबात न्हाई."

बाईंनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. आईला वाटले, त्यांना राग आला. ती घाईने म्हणाली, "तक्रार न्हाई वो माझी. पन त्या कागदापायी माझं घरचं काम ऱ्हातंय. संगी हिला कागूद दावती, मंग ही तिच्या शेळ्या वळायला जाती. म्या म्हनलं, आपल्या शेळ्या कोन वळनार? तर म्हनती, आई, सावड हाय, फेडाया नको का?"

मला हसू आले. बाईंना आले नाही. त्या स्टुलावरून उठल्या होत्या.

"सावड?"

"तर वो. वरच्या समद्या पोरांचं त्येच चाललंय. जीपमदी बसली की ज्याच्याकडं कागूद त्यो वाचतो, बाकीची आयकत्यात. मंग त्याचं दप्तर कुनी धरतं, कुनी डब्यातलं देतं."

खालच्या बागायती भागातल्या वाचकांसाठी सावडीविषयी सांगायला हवे. डोंगरात भाताची लावणी एकट्या घराला उरकत नाही. म्हणून आज सारे तुमच्या खाचरात राबतात, उद्या तुम्ही त्यांच्या खाचरात जायचे. याला सावड म्हणतात. मजुरी कोणी घेत नाही, पण सावड फेडली नाही असेही कोणी करत नाही. निम्म्या मुलांना काही मिळाले आणि निम्म्यांना नाही, हे त्या मुलांना दिसल्याबरोबर त्यांनी घरी जे पाहिले तेच केले. शिनोलीकडची मुलेही मागे नव्हती, असे नंतर कळले. ती मोबाईलवर कागदाचे फोटो काढून एकमेकांना धाडीत होती. शेरा मिळालेला गट आणि न मिळालेला गट असे काही त्या वर्गात उरलेच नव्हते. सगळ्यांनी सगळे शेरे वाचले होते. म्हणून सगळे सारखे सुधारले होते.

"लावणीच्या दिवसांत माझ्या आईचं बोट धरून मी सावडीला जायची," बाई मला म्हणाल्या. "चिखलात उभी राहायची. आणि चिठ्ठ्या काढताना मला ते आठवलं नाही. ही पोरं शहरातली असल्यासारखा मी प्रयोग आखला."

मग त्या अश्विनीच्या आईकडे वळल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना त्यांच्या गावच्या बोलीत बोलताना ऐकले. "ताई, तिचं काय बी चुकलं न्हाई. माझं चुकलं. तिला मी सोडलेली न्हाई. उद्या तिला मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवीच्या वर्गाला सर्व सांगितले. मी मागे दाराशी उभा होतो. शिक्षक वर्गापुढे चूक कबूल करतो तेव्हा बहुधा आवाज मोठा करतो किंवा विनोद करतो. बाईंनी दोन्ही केले नाही. गट का केले, कागद का लपवले, हे त्यांनी एखादा धडा शिकवावा तसे सांगितले. "मी तुमच्यावर प्रयोग करत होते आणि तुम्हाला विचारलं नव्हतं," असे म्हणून त्या थांबल्या.

मागच्या बाकावरून शिनोलीचा सागर म्हणाला, "म्हंजे आमी बेडूक व्हतो का, बाई?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. "बेडकांना कोणी विचारत नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं."

संगीने घाबरत हात वर केला. "बाई, आमी कागूद दावला, ती कॉपी व्हती का?"

"नाही. तुम्ही केलं ते बरोबर. आखणी चुकली ती माझी. आता मला पुन्हा आखायची आहे, आणि तुम्हाला वाटून घेण्यापासून मी अडवणार नाही. मग काय करू?"

अश्विनी खिडकीजवळ बसली होती. ती उभी राहिली, पण बाईंकडे न पाहता बाकाकडे पाहत म्हणाली, "कागूद समद्यांना द्या. पन समद्या परस्नांना देऊ नका."

"म्हणजे कसं?"

"सावडीत समदी मानसं असत्यात. पन एका दिशी समदी खाचरं व्हत न्हाईत. एक व्हतं, एक ऱ्हातं."

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. मग फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी पेपराचा चौकोन काढला, त्यात प्रश्नांचे कप्पे पाडले. मुले वाटायची नाहीत, प्रश्न वाटायचे. पेपरातल्या काही प्रश्नांवर अख्ख्या वर्गाला शेरा मिळेल, बाकीच्या प्रश्नांवर कोणालाच मिळणार नाही. मग कोणी कोणाला कितीही दाखवले तरी बिघडत नाही. प्रत्येक मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी न होता त्याची त्याच्याशीच होईल. शेरा कोणत्या प्रश्नांना, हे नाणे उडवून ठरवायचे, आणि एखादा प्रश्न मुळातच सोपा किंवा अवघड असू शकतो म्हणून एकाच पेपरावर न थांबता वर्षअखेरपर्यंतच्या सर्व चाचण्यांत हेच करायचे. त्याच धड्यांवर पुन्हा चाचणी झाली की उरलेल्या प्रश्नांवरही शेरे द्यायचे, म्हणजे कोणाचे काही बुडणार नाही. "बस खाली, अश्विनी," बाई म्हणाल्या. "तू आत्ता काय केलंस ते तुला समजलं का? मला समजायला वेळ लागला."

थोरात सरांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "एक स्थळ मोडलं की लगेच दुसरं. असं किती वेळा बघायचं, बाई?"

"हे शेवटचं. आणि काय दिसलं तर काय मानायचं, ते आधीच लिहून ठेवते." त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिले: 'शेरा असलेल्या प्रश्नांत सुधारणा जास्त दिसली तर शेरे. सारखी दिसली तर शिक्के. नंतर तक्रार नाही.' सरांनी ते वाचून मान डोलावली. "ग्रामपंचायतीचा ठरावच केला की तुमी." तो मजकूर दुसरे सत्र संपेपर्यंत कोणी पुसला नाही. सूचना त्याच्या भोवतीने लिहिल्या जात.

थंडीभर आणि उन्हे तापेपर्यंत मी ते पेपर तपासत होतो. कोणत्या प्रश्नांना शेरा आहे, हे याही वेळी मला माहीत नव्हते. वार्षिक परीक्षेच्या आधी आम्ही तिघांनी, म्हणजे थोरात सर, बाई आणि मी, बसून मांडणी केली. फरक होता. डोळे दिपावेत एवढा नव्हता, पण चाचणीमागून चाचणीत तो त्याच बाजूला झुकलेला दिसत होता. शेरा मिळालेल्या प्रश्नांत मुले अधिक पुढे गेली होती.

सरांनी टेबलावर हात आपटला. "जिंकल्या, बाई."

बाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी आपलेच शेरे निरनिराळे करायला घेतले. ज्या शेऱ्यांत त्यांनी मुलाविषयी लिहिले होते, म्हणजे 'तू हुशार आहेस', 'आळस सोड', 'तुझ्याकडून अधिक अपेक्षा होती', त्यांच्या मागे काहीच सुधारणा नव्हती. चार-चार ओळींचे शेरेही बहुतेक फुकट गेले होते. पुढे सरकली होती ती मुले, ज्यांना उत्तराविषयी एखादाच प्रश्न विचारला होता. 'घनता काढलीस, तिचे एकक कुठे आहे?' 'बर्फ तरंगतो हे लिहिलेस. का तरंगतो?' असे. ही वर्गवारी नंतरची असल्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नका, असे बाईंनी स्वतःच आम्हाला बजावले. नाणे शेऱ्याच्या प्रकारासाठी उडवले नव्हते, शेरा द्यायचा की नाही एवढ्यासाठीच उडवले होते.

तरी त्यांनी स्वतःपुरता निर्णय घेतला. सरांना म्हणाल्या, "निम्मं तुमचं खरं होतं. माझे पुष्कळ शेरे श्लोकच होते. कोणी वाचले नाहीत तेच बरं झालं."

त्या दिवसापासून त्या एका उत्तराखाली एकच प्रश्न लिहू लागल्या. त्यांचे पेपरही वेळेवर जाऊ लागले. इतक्या वर्षांची आपली सवय त्यांनी पुराव्यासमोर ठेवली, पुराव्याने तिची निम्मी छाटली, आणि राहिलेली निम्मी त्यांनी समाधानाने जवळ केली. मी पुष्कळ माणसांना वादात जिंकताना पाहिले आहे. जिंकल्यावर स्वतःची निम्मी चूक शोधायला बसलेले माणूस मी एवढे एकच पाहिले.

शिक्के थोरात सर घरी घेऊन गेले. पुढे अवसरीला त्यांच्याकडे बटाट्याच्या काढणीला गेलो होतो, तेव्हा खळ्यात रचलेल्या गोण्यांवर 'उत्तम' असे उमटलेले दिसले. बारीक बटाट्यांच्या गोणीवर 'सुधारणा हवी' होते. सर इतिहास शिकवीत, त्या पेपरांत मात्र ते आता एकेक प्रश्न लिहीत. 'तह केला. मग फायदा कुणाचा झाला?' विचारले की म्हणत, "बाईंचा रोग लागला, राव. आता बरा व्हायचा न्हाई."

अश्विनी सध्या अवसरीलाच अभियांत्रिकी शिकते आहे. ही गोष्ट मला आनंदाची वाटते, म्हणून नोंदवतो. पण पुरावा म्हणून ती मांडलेली बाईंना चालली नसती. एकटी मुलगी पुरावा नसते, आणि अश्विनी तशीही पुढे गेली असती.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेत समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि भाषणे. थोरात सर पुष्कळ बोलले. आदर्श, निष्ठावान, कर्तव्यदक्ष, असे सगळे शब्द त्यांनी मोठ्या आवाजात वापरले आणि शेवटचे वाक्य अर्धेच सोडून ते खाली बसले. बाई उत्तराला उठल्या. म्हणाल्या, "सर चांगलं बोलले. पण मी पुढे काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही." सभागृह हसले, आणि सर सगळ्यांत मोठ्याने हसले.

समारंभ संपल्यावर त्या वरच्या जीपमध्ये बसल्या, मुलांच्या दाटीत. जीप भरायची होती म्हणून थांबली होती. मी खाली उभा होतो. सहावी-सातवीतल्या एका मुलीने दप्तरातून वही काढून त्यांच्यापुढे उघडली. बाई आता निवृत्त आहेत, हे तिच्या गावीही नव्हते. बाईंनी शाल मांडीवर सरकवली, पान वाचले आणि तिला काहीतरी विचारले. इंजिन चालू झाले होते, मला शब्द ऐकू आले नाहीत. मुलीने आधी बाईंकडे पाहिले, मग वहीकडे, आणि वही ओढून घेऊन ती गुडघ्यावर ठेवून लिहू लागली. शेजारच्या मुलीने मान वाकडी करून त्यात डोके घातले. तिने वही झाकली नाही. जीप वळणावर दिसेनाशी झाली.

त्या मुलीचे उत्तर बरोबर आले की नाही, ते मला माहीत नाही. आमचे उत्तर तरी बरोबर आहे का? ते एका शाळेतले, एका वर्गातले, एका शिक्षिकेच्या शेऱ्यांचे उत्तर आहे. म्हणून माझी शिक्षक वाचकांना एवढीच विनंती आहे: माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आपल्या वर्गाला विश्वासात घ्या. मुले न वाटता प्रश्न वाटा, आणि नाणे उडवून वाटा. काय दिसले तर काय मानायचे ते आधी फळ्यावर लिहा. पेपर दुसऱ्याकडून, नावे झाकून तपासून घ्या. आणि आमच्यापेक्षा वेगळे निघाले, तर जसे निघेल तसेच सांगा.